अठरा झालं की येईन

९ एप्रिल

तलावाचा फळा आजपासून माझ्याकडे आला. पोहणाऱ्यांच्या मंडळात मला कधी काही काम मिळेल असं वाटलं नव्हतं. पण आधीच्या बाई मुलाकडे राहायला गेल्या आणि सेक्रेटरी म्हणाले, "तुम्ही तशाही रोज सकाळी येताच की." काम तसं साधं आहे. धक्क्याच्या टोकाला जायचं, दोरीला बांधलेला थर्मामीटर हातभर खोल सोडायचा, थोडा वेळ थांबायचं, वर काढून लगेच वाचायचा आणि आकडा फळ्यावर लिहायचा. पंधराच्या खाली लाल झेंडा. त्यावर पिवळा, म्हणजे मुरलेल्यांनीच उतरायचं. अठरा झालं की हिरवा. मग नवखेही चालतात.

आज अकरा अंश. आमच्या या थंड डोंगराळ गावात एप्रिलमध्ये पाणी एवढंच असतं. खडू हातात घेतला आणि शाळेतल्या सिस्टर आठवल्या. फळ्यावरची ओळ तिरकी गेली की त्या रागवायच्या नाहीत, डस्टर तेवढं हळूच हातात द्यायच्या. त्यांनीच मला पोहायला शिकवलं. स्वतः कधी पाण्यात उतरल्या नाहीत. पांढऱ्याशुभ्र झग्यात शाळेच्या हौदाच्या कडेने चालत राहायच्या, हातात लांब बांबू घेऊन. मी तो कधी धरला नाही, पण तो आहे हे माहीत होतं.

माझे अकरा अगदी सरळ आले. जीवरक्षक मुलगी आहे एक. सगळे तिला शिट्टी म्हणतात, कारण शिट्टी तिच्या गळ्यात असते आणि जिभेवरही. ती फळ्याकडे बघून म्हणाली, "काकू, हा फळा आहे की लग्नपत्रिका?"

१३ एप्रिल

लेक येऊन गेली. बसली पण खुर्चीच्या कडेवर, पर्स मांडीवरच, नजर घड्याळावर. नातीला आणलं नव्हतं. म्हणाली, तिला सर्दी आहे. गेल्या वेळीही सर्दीच होती.

तिच्या सासूबाई, म्हणजे माझ्या विहीणबाई, व्याही गेल्यापासून घराबाहेर फारशा पडत नाहीत. मी म्हटलं, "त्यांना आमच्या बदकांत आण ना." आमच्या सकाळच्या बायकांच्या कंपूला आम्ही बदकं म्हणतो. विहीणबाई लहानपणी मामाकडे विहिरीत पोहायच्या, हे त्यांनीच एकदा सांगितलं होतं.

लेक म्हणाली, "आई, आग्रह नको हं करूस. त्यांना कुणाला नाही म्हणता येत नाही."

"मग बरंच आहे की," मी म्हटलं.

ती हसली नाही. माझे विनोद तिला हल्ली कळत नाहीत.

१६ एप्रिल

विहीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, पोशाख नाही. मी म्हटलं, माझ्याकडे जास्तीचा आहे. म्हणाल्या, गुडघा दुखतो. मी म्हटलं, पाण्यात गुडघ्याला सुट्टीच असते. मग म्हणाल्या, "पण पाणी गार असेल हो फार." मी त्यांना झेंड्यांची सगळी पद्धत समजावून सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाल्या, "मग असं करू या. अठरा झालं की येईन. नक्की."

नक्की म्हणाल्या! मला इतका आनंद झाला की फोन ठेवल्यावर भांडी घासताना शाळेतलं गाणं म्हणत होते.

इथे तरी खरं लिहिते. त्या आल्या की त्यांना सोडायला लेक येईल, आणि लेकीबरोबर नात. मग घड्याळ बघायला कुणाला सुचणार आहे?

३ मे

हवा तापायला लागली आहे. बसमधून उतरले तर पाठीला घाम. आणि फळ्यावर तेरा! लोक माझ्यावरच चिडतात, जणू बर्फ मीच टाकते. आमच्यातल्या निवृत्त पोस्टमास्तरीणबाई म्हणाल्या, "तुमच्या थर्मामीटरला स्वेटर घाला, म्हणजे चढेल."

शिट्टीने आज सगळ्यांना धक्क्यावर उभं करून झापलं. "हवेने सांगितलेलं पाणी लगेच ऐकत नाही. त्याला दोन महिने लागतात. म्हणून माणसं थंडीत बुडत नाहीत, या दिवसांत बुडतात. ऊन बघून उडी मारतात. गार पाणी अंगाला लागलं की पहिला मिनिटभर श्वास आपल्या ताब्यात नसतो, नुसता आत खेचला जातो. तोंड पाण्याखाली असेल तर पाणीच आत जातं. तेव्हा पोहायचं नाही. उताणं व्हायचं, तरंगायचं, श्वास परत येईपर्यंत."

"आणि नाही आला तर?" पोस्टमास्तरीणबाई.

"तर मी आहे. आणि मी चावते."

११ मे

विहीणबाईंचा फोन. स्वतःहून! "झालं का हो अठरा?" मी म्हटलं, नाही हो, अजून चौदाच. त्यांनी केवढा मोठा सुस्कारा सोडला. बिचाऱ्यांना किती ओढ लागली आहे. म्हटलं, थोडा धीर धरा.

१५ मे

गंमत म्हणून जुन्या पायऱ्यांपाशी थर्मामीटर सोडला. तो कोपरा भिंतीच्या आडोशाला आहे, पाणी गुडघाभर, सकाळपासून ऊन. शेवाळामुळे तिथून कुणी उतरत नाही, सगळे धक्क्याच्या शिडीने उतरतात. थर्मामीटरने तिथे अठरा दाखवलं. धक्क्यावर पंधरा.

एकाच तलावाचं पाणी ते. म्हणजे अठरा म्हणणं अगदीच खोटं नाही.

फळ्यावर पंधराच लिहिलं.

१८ मे

आज अठरा लिहिलं.

आकडा छान वळणदार आला. हिरवा झेंडा वर गेल्यावर बदकांनी टाळ्या वाजवल्या. पाण्यातून बाहेर येताना पोस्टमास्तरीणबाई म्हणाल्या, "हे अठरा मेलं पंधरासारखं लागतंय." सगळ्या हसल्या. मीही हसले. शिट्टीने फळ्याकडे बघितलं, तिच्या वहीत तोच आकडा उतरवला. तिने स्वतः एकदा पाणी तपासायचं असतं, तसा नियम आहे. मला म्हणाली, "तुम्ही लिहिल्यावर मी कशाला तपासू? तुम्ही तर वर्गात बोलणाऱ्या मुलींची नावंसुद्धा खरी लिहिली असतील."

लिहायचे. स्वतःचंही लिहिलं होतं एकदा.

संध्याकाळी विहीणबाईंना फोन केला. "अठरा झालं!"  मला वाटलं फोन कटला. मग म्हणाल्या, "हो का? अरे वा. मग यायलाच हवं." रविवार ठरला. लेक आणि नातही येणार आहेत. नव्या टोपीला फूल शिवलं आहे मी, विहीणबाईंसाठी.

२० मे, रविवार

विहीणबाई वाचल्या. आज एवढंच.

२२ मे

लिहून काढल्याशिवाय राहवणार नाही.

शनिवारी रात्रभर वारा होता. खिडक्या वाजत होत्या. सकाळी ऊन मात्र लख्ख पडलं. मी लवकर गेले. धक्क्याच्या टोकाला गेलेच नाही. पायऱ्यांपाशी थर्मामीटर सोडला, अठरा आलं, लिहिलं. धक्क्यावर का गेले नाही, हे कुणी विचारलं तर मी सांगेन की वेळ नव्हता. वेळ भरपूर होता.

त्या आल्या. फुलाची टोपी घातली, आणि नात म्हणाली, "आजी, तू केक दिसतेस." शिडीच्या पहिल्या पायरीवर त्यांनी पाय पाण्यात घातला आणि थांबल्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "नक्की अठरा ना हो?"

"नक्की," मी म्हटलं.

त्या हसल्या आणि उतरल्या. गळ्यापर्यंत. दोन्ही हातांनी शिडी धरलेली. मी आधीच पाण्यात होते, आणि माझाही श्वास अडकला होता; पण मला सवय आहे. लेक धक्क्यावर उभी, नात टाळ्या वाजवते आहे. मीच म्हटलं, "सोडा आता हात! लहानपणी सोडत होताच की!"

त्यांनी हात सोडला. तोंडातून एक आवाज आला, दार कर्कन उघडावं तसा, आणि त्या खाली गेल्या. वर आल्या तेव्हा डोळे उघडे होते, तोंड उघडं होतं, आणि श्वास काही येत नव्हता. मी एका हातावर होते त्यांच्यापासून. मला काहीच सुचलं नाही. शिट्टीने उडी टाकली, त्यांना मागून धरून उताणं केलं, "आभाळाकडे बघा, माझ्याकडे नको, आभाळाकडे," असं म्हणत शिडीपाशी ओढून आणलं. टोपी पुढे वाहत गेली. नात रडत होती. लेक पाण्यात पाय घालून शिडीवर उतरली होती, बुटांसकट.

छातीत पाणी गेलं आहे. डॉक्टर म्हणाले, एक-दोन दिवस लक्ष ठेवावं लागेल.

नंतर शिट्टीने धक्क्यावर थर्मामीटर सोडला. बारा. तिने मला समजावून सांगितलं, बिचारीने. वाऱ्याने वरचं ऊन खाल्लेलं पाणी पलीकडच्या काठाला ढकललं आणि खालचं थंड पाणी आमच्या बाजूला वर आलं. "पण मग काकू, तुम्हाला अठरा कसं दिसलं?"

मी म्हटलं, "कोण जाणे."

२४ मे

सेक्रेटरी घरी आले होते. मी चहा केला.  ते फार समजूतदारपणे बोलले. "वयानुसार होतं हो असं. बाराचे अठरा दिसू शकतात. चष्मा कधी बदलला होता शेवटचा?"

त्यांनी मला सुटकेचं दार उघडून दिलं, आणि मी त्यातून गेले. म्हटलं, "हो, हल्ली जरा अंधुकच दिसतं."

मग ते म्हणाले की माझी चूक माणसाला होणारी आहे, पण त्या मुलीने तपासायला हवं होतं. तिचं ते कामच. चौकशी होईपर्यंत तिला घरी बसायला सांगितलंय. बहुतेक काढूनच टाकतील. मी म्हटलं, "अरेरे."

अरेरे! ज्या मुलीने विहीणबाईंना वर काढलं तिच्याबद्दल मी म्हटलं अरेरे, आणि बिस्किटांची बशी पुढे केली.

२५ मे

दवाखान्यात गेले. दाराच्या काचेतून बघितलं. विहीणबाई उशीला टेकून बसल्या होत्या, नाकाला नळी, आणि लेक त्यांचे केस विंचरत होती. इतक्या हळुवारपणे ती माझेही केस कधी विंचरायची. आत गेले नाही. परत आले.

२७ मे

सेक्रेटरींनी लेकीला चष्म्याचं सांगितलं असावं. आज ती आली ती सरळ आत, पर्स टेबलावर टाकली आणि मला जवळ घेतलं. "आई, आधी का नाही सांगितलंस डोळ्यांचं? एकटी राहतेस, बस पकडतेस, तलावावर जातेस…" तिने माझा चष्मा काढला, ओढणीने पुसला, परत डोळ्यांवर लावला. कानामागे नीट बसवला. वर्षभरात इतका वेळ ती माझ्या घरात बसली नव्हती.

हे मला हवं होतं. अगदी हेच हवं होतं. आणि मला वाटत होतं, जमीन दुभंगावी.

उद्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेणार आहे.

२८ मे

छोटीशी खोली, पडदे ओढलेले, समोर अक्षरांचा उजेड. लेक मागे खुर्चीवर. मी ठरवून गेले होते, शेवटच्या दोन ओळी चुकीच्या वाचायच्या. डॉक्टरांनी पट्टी लावली, आणि माझं तोंड आपोआप सगळं बरोबर वाचत गेलं. वर्गात उभं केल्यासारखं. शेवटच्या ओळीखाली छापखान्याचं नाव होतं बारीक अक्षरात, तेही वाचलं.

डॉक्टर हसून म्हणाले, "आजी, तुमचे डोळे माझ्यापेक्षा चांगले आहेत. नंबर होता तोच आहे. कुणी पाठवलं तुम्हाला?"

जिन्यात लेक थांबली. खाली रस्त्यावरून गाड्या जात होत्या. ती पायरीवर माझ्या खाली उभी होती, म्हणून तोंड वर करून बघत होती, लहानपणी बघायची तसं.

"मग अठरा कसं दिसलं, आई?"

मी सांगितलं. पायऱ्यांपाशी मोजलं. कळत होतं तरी मोजलं. तुम्ही सगळ्यांनी यावं म्हणून.

 तिने मला बसमध्ये बसवून दिलं, तिकीट काढून दिलं, आणि उतरून गेली.

२९ मे

सकाळीच मंडळाच्या खोलीवर गेले. टोप्यांच्या आणि ओल्या टॉवेलांच्या वासाची ती खोली. सेक्रेटरी होते, दोन सभासद होते, पोस्टमास्तरीणबाई होत्या, आणि कोपऱ्यात शिट्टी, सामान न्यायला आलेली. मी हात पाठीमागे बांधून उभी राहिले आणि सांगितलं.

सेक्रेटरी म्हणाले, "अहो, बसा तरी. तुम्हाला त्रास झालाय, मनावर परिणाम होतो. गोंधळ झाला असेल मोजताना."

"गोंधळ झाला नाही. डोळे चांगले आहेत. मी मुद्दाम केलं."

कुणी माझ्याकडे बघेना. पोस्टमास्तरीणबाई टॉवेलाची घडी घालत राहिल्या, घातलेलीच परत परत. मग शिट्टी उठली.

"आता सांगताय? आठवडाभर आई मला विचारतेय, तू झोपली होतीस का म्हणून."

"चुकलं माझं."

"माझंही चुकलं. तुमचं अक्षर बघून विश्वास ठेवला." तिने सामानाची पिशवी खांद्यावरून खाली टाकली, सेक्रेटरींना विचारलं, "मी उद्या येऊ ना?" ते हो म्हणाले. ती माझ्या बाजूने गेली, थांबली नाही.

थर्मामीटरची दोरी मी टेबलावर ठेवली. कुणी मागितली नव्हती.

२ जून

विहीणबाई घरी आल्या आहेत. दार लेकीने उघडलं, "आत आहेत," एवढंच म्हणाली.

त्या खिडकीशी बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "या, विहीणबाई. माझ्यामुळे किती घोळ झाला हो. मला मेलीला श्वास धरता आला नाही."

यापेक्षा त्यांनी थोबाडीत मारली असती तर बरं. मी सांगितलं. सगळं. त्या ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत ऐकत होत्या.

"पाय घातला तेव्हाच कळलं होतं मला," त्या म्हणाल्या. "अठरा नाही ते. मामाची विहीर आठवली."

"मग उतरलात का?"

"तुम्ही टोपीला फूल लावलं होतंत. भीड पडली."

मी रडले. त्यांनी रडू दिलं. गप्प बसा म्हणाल्या नाहीत, आणि माफ केलं असंही म्हणाल्या नाहीत. निघताना नातीला हाक मारली. ती दाराआडून बघत होती. आली नाही.

१९ जुलै

तलाव आता खरोखर उबदार असणार. मी बस स्टॉपपर्यंत जाते आणि परत येते. पोस्टमास्तरीणबाईंनी निरोप पाठवला: "बदकं विचारतात, हंस कुठे गेला?" थट्टा आहे, प्रेमाची आहे. तरी जाववत नाही.

२६ ऑगस्ट

गेले. फळा आता दोघांनी मिळून लिहायचा असतो, एकाने वाचायचं, दुसऱ्याने बघायचं. नवा नियम. तो का झाला हे नवीन लोकांना माहीत नाही. एका नव्या बाईने मलाच विचारलं. मी सांगितलं. तिची मान आपोआप माझ्यापासून दुसरीकडे वळली.

शिट्टीने शिट्टी वाजवली. "काकू, उतरायचं तर उतरा, धक्का अडवू नका." मी उतरले.

८ ऑक्टोबर

लेकीचा फोन. "आईंना तलाव बघायचाय. रविवारी तू असशील का?" मी म्हटलं, असेन. इतर काही बोलले नाही. आग्रह तर नाहीच.

१४ ऑक्टोबर, रविवार

हवा गार. शाल घेऊन गेले. लोक आता तलावाकडे फिरकत नाहीत; ऊन कमी झालं म्हणजे पाणीही गार असणार, असं धरून चालतात. पण उन्हाळाभर साठवलेली ऊब पाणी सहजासहजी सोडत नाही. फळ्यावर शिट्टीच्या कोंबडीच्या पायांच्या अक्षरात अठरा होतं. मी ते वाचून दाखवलं नाही.

विहीणबाईंनीच वाचलं. लेकीचा हात धरून धक्क्यावर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अठरा झालंय."

मी शाल अंगाभोवती ओढून घेतली.

"एक सांगू का, विहीणबाई? मला यायचंच नव्हतं. तेव्हाही," त्या म्हणाल्या.

"पण तुम्ही अठरा म्हणाला होतात."

"अहो, मला वाटलं, अठरा होतच नसेल कधी."

शिट्टी मागून इतक्या मोठ्याने हसली की बदकं दचकली. लेकीने तोंडावर हात धरला. मी कुठे बघू कळेना. मग विहीणबाईही हसायला लागल्या, खोकला येईपर्यंत. खोकल्यावर मात्र हात छातीशी नेला, आणि लेक लगेच पुढे झाली. 

थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "आज नको. मला पाण्याची भीती वाटते."

"बरं," मी म्हटलं.

इतकंच म्हटलं. पोशाख, गुडघा, काही नाही.

त्या बाकावर बसल्या. नात त्यांना चिकटून बसली, माझ्यापासून दूरच्या बाजूला. "तुम्ही जा ना," विहीणबाई म्हणाल्या, "मी आहे इथे." मी शाल काढली, टॉवेल बाकावर ठेवला आणि शिडीने उतरले. श्वास अडकला नाही. मधल्या बोयापर्यंत, म्हणजे खुणेच्या तरंगत्या पिंपापर्यंत, जाऊन वळले तेव्हा बघितलं, नात उठून धक्क्याच्या टोकाला आली होती. शिट्टीने तिच्या फ्रॉकचा पट्टा धरून ठेवला होता. नात माझ्याकडे बघत नव्हती, पालथी पडून एक बोट पाण्यात घालून बघत होती.

वर आले तेव्हा दात वाजत होते; हवा फार गार होती. टॉवेल बाकावर नव्हता. विहीणबाईंनी तो आपल्या शालीच्या आत, पोटाशी धरून ठेवला होता. माझ्याकडे दिला तेव्हा गरम होता.